शहराची देखभाल टाळली की पुढे काय होतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल पडला, रस्ता खचला, नळाला गढूळ पाणी आलं की चार दिवस चर्चा होते आणि मग विरते. त्या चार दिवसांत लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली आहेत. प्रश्नांचं वजन सारखं नाही, म्हणून उत्तरांचंही नाही.

देखभाल आणि दुरुस्ती यांत फरक काय? खड्डे बुजवणं म्हणजे देखभालच ना?

नाही. बिघडलेलं नीट करणं म्हणजे दुरुस्ती. बिघडू नये म्हणून आधीच केलेलं काम म्हणजे देखभाल. पुलावरचं पाणी जाण्याच्या जाळ्या साफ ठेवणं, जलवाहिनीचे व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी फिरवून पाहणं, डांबरातल्या बारीक भेगा पावसाआधी भरणं, मॅनहोलमधला गाळ उपसणं, पोलादाला रंग देणं. ही कामं इतकी किरकोळ दिसतात की केली तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि नाही केली तरी येत नाही. निदान पाच-दहा वर्षं तरी येत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल १८९० साली सुरू झाला. त्याला रंग देण्याच्या कामावरून तिकडे एक वाक्प्रचारच रूढ झाला: कधीच न संपणारं काम म्हणजे ‘फोर्थ पूल रंगवणं’. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा रंगवायला आलेलं असतं, अशी समजूत. पुढे २००२ ते २०११ या काळात जुना रंग पार खरवडून काढला आणि नवा तीन थरांचा रंग दिला. तो किमान पंचवीस वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे. लोकांनी चेष्टा केली त्याच रंगाऱ्यांच्या जिवावर त्या पुलावरून आजही गाड्या धावतात.

पूल पडतो तो जास्त ओझ्यामुळे का?

ओझं हे बहुतेकदा शेवटचं निमित्त असतं. पुलाचा खरा वैरी पाणी. ते दोन बाजूंनी येतं. खालून नदीचा प्रवाह पायाभोवतीची माती खरवडून नेतो. वरून पडलेलं पाणी वाट मिळाली नाही की सांध्यांत, बेअरिंगांत (पूल ज्या टेकूंवर बसतो त्यांत), जोडांत मुरत राहतं.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मायानस नदीवरच्या महामार्गाच्या पुलाचा सुमारे ३० मीटरचा एक गाळा (पुलाचा सलग तुकडा) २८ जून १९८३ च्या पहाटे नदीत कोसळला. तीन जण गेले. हा गाळा पोलादी खिळा आणि त्यात अडकवलेल्या पट्ट्या यांच्या आधारावर लटकत होता. सुमारे दहा वर्षांपूर्वी रस्त्यावर नवा थर टाकताना पाणी जाण्याची भोकं त्या थराखाली बुजली होती. तेव्हापासून पावसाचं पाणी सांध्यातून थेट जोडावर ठिबकत राहिलं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो दोन पोलादी भागांच्या फटीत साठत गेला आणि त्यानेच पट्टीला खिळ्यावरून तसूतसूने बाहेर ढकललं. थर टाकला त्या दिवशी रस्ता किती गुळगुळीत झाला म्हणून लोक खूश झाले असतील.

दुसरा पूल अमेरिकेतल्याच पिट्सबर्गचा, फर्न हॉलो नावाचा. तो २८ जानेवारी २०२२ रोजी पडला. योगायोग असा की देशाचे राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी त्या शहरात पायाभूत सुविधांवरच बोलायला येणार होते. पुलावर एक बस आणि काही मोटारी होत्या, माणसं जखमी झाली, पण सुदैवाने कुणी दगावलं नाही. हा पूल रंग द्यावा न लागणाऱ्या खास पोलादाचा होता. या पोलादावर वरचा गंजाचा पातळ थरच आतल्या धातूचं संरक्षण करतो, मात्र एका अटीवर: ओला झालेला भाग अधूनमधून कोरडा व्हायला हवा. इथे निचऱ्याच्या वाटा पाचोळ्याने आणि मातीने तुंबल्या होत्या, आधाराचे पाय सतत ओले राहत होते आणि पोलादाला भोकं पडली होती. जाळी साफ करा, असं तपासनीस वर्षानुवर्षं अहवालात लिहीत होते.

या दोन पुलांमध्ये जवळजवळ एकोणचाळीस वर्षांचं अंतर आहे आणि रचना पूर्ण वेगळी आहे. गोष्ट मात्र दोन्हीकडे तुंबलेल्या पाण्यापाशीच येऊन थांबते. शहराची देखभाल म्हणजे काय, हे एका ओळीत सांगायचं झालं तर मी म्हणेन: पाण्याला त्याच्या वाटेने जाऊ देणं.

काँक्रीट तर गंजत नाही. मग काँक्रीटच्या बांधकामाला कसली भीती?

काँक्रीट गंजत नाही, पण त्याच्या पोटातली सळई गंजते. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (pH) १२-१३ च्या आसपास असतो. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो, तसा सामू उतरतो. तो ९ च्या आसपास आला की पापुद्रा जातो. समुद्राची खारी हवा किंवा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ हेच काम लवकर उरकतं. मग सळई गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकतं, त्यामुळे काँक्रीट आतून फुगतं, तडकतं, त्याचे पोपडे पडतात. पोपडा पडला की पाण्याला थेट दार उघडं.

दिसणारा पोपडा मात्र परवडला. खरी अडचण न दिसणाऱ्या गंजाची. इटलीतल्या जिनोआचा मोरांडी पूल १९६७ मध्ये सुरू झाला. त्याचे पोलादी ताण (मनोऱ्यावरून पूल तोलून धरणारे तिरपे दोर) काँक्रीटच्या आवरणात गुंडाळलेले होते. ते संरक्षणासाठी केलं होतं, पण त्यामुळे आत काय चाललंय ते पाहणं अवघड झालं. पुलाचे रचनाकार रिकार्डो मोरांडी यांनी स्वतःच १९७९ मध्ये समुद्री हवेने होणाऱ्या झिजेबद्दल सावध केलं होतं. १९९० च्या दशकात एका मनोऱ्याच्या ताणांना बाहेरून नव्या पोलादी तारांचा आधार दिला गेला. जो मनोरा १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, त्याला तसा आधार मिळाला नव्हता. ४३ माणसं गेली.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा कॅरोला पूल ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास नदीत पडला. काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती. १९७१ साली बांधलेल्या त्या पुलात वापरलेल्या ताणलेल्या पोलादाला आतल्या आत तडे गेले होते. कुणाला इजा झाली नाही, पण त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. ती वेळेची कृपा होती.

दरवर्षी त्याच जागी खड्डा का पडतो?

कारण खड्डा वर असतो आणि दुखणं खाली. डांबरी रस्ता खडीच्या थरांवर उभा असतो. ते थर कोरडे असतील तोवर वजन पेलतात. भेगेतून शिरलेलं किंवा फुटक्या जलवाहिनीतून झिरपलेलं पाणी त्यांत साठलं की चाकाच्या प्रत्येक दाबासरशी बारीक माती वर उसळते आणि आत पोकळी होते. वरून कितीही डांबर ओता, ती आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशीच गत. एकाच ठिकाणी तीन वर्षांत तिसऱ्यांदा खड्डा पडला तर डांबराची पाटी ठेवून द्यावी आणि खालची वाहिनी तपासावी.

जमिनीखालची नळव्यवस्था शंभर वर्षं टिकते म्हणतात. मग घाई कसली?

टिकते, पण आपोआप नाही. बिडाच्या वाहिन्या खरोखर शतकभर चाललेल्या आहेत. पण त्या आतून लोहाच्या गाठींनी अरुंद होत जातात, सांधे सैल होतात, आणि न फिरवलेले व्हॉल्व्ह जाम होतात. व्हॉल्व्हची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण वाहिनी फुटली आणि जवळचे चार व्हॉल्व्ह बंदच झाले नाहीत, तर एका गल्लीऐवजी अर्ध्या शहराचं पाणी तोडावं लागतं.

गळतीने पाणी वाया जातं, हे सगळ्यांना कळतं. त्याहून वाईट गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. वाहिनीत दाब असेपर्यंत पाणी भोकातून बाहेर पडतं. दाब गेला, म्हणजे पुरवठा बंद झाला, की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून मलवाहिनी जात असेल आणि तीही गळत असेल, तर पुढच्या वेळी नळाला काय येईल ते सांगायला नको. म्हणून ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या व्यवस्थेत गळती हा फक्त पाणीबचतीचा प्रश्न राहत नाही, तो आजारपणाचा होतो.

कधी वाहिनीला काही होत नाही आणि तिच्यातल्या पाण्याची निगा तुटते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि स्थानिक नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. त्यात गंजरोधक द्रव्य मिसळलं गेलं नाही. जुन्या शिशाच्या नळांमधला संरक्षक थर सुटला आणि शिसं लोकांच्या पेल्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. लोकांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावं लागलं. यंत्राची तक्रार माणसाच्या तक्रारीआधी ऐकली गेली, असा याचा सरळ अर्थ.

चालता चालता रस्ता खचतो, हे अचानक कसं होतं?

अचानक काहीच होत नाही, आपल्याला कळतं ते अचानक.

मोठ्या मलवाहिनीत सांडपाणी साधारण अर्ध्या उंचीपर्यंत वाहतं, वर हवा असते. साचलेल्या, प्राणवायू संपलेल्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांच्या वासाचा तोच वायू. तो वर जाऊन वाहिनीच्या छताच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथले जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. म्हणजे वाहिनी खालून झिजत नाही, ती डोक्याकडून खाल्ली जाते. काँक्रीटचा पिठूळ लगदा होतो. मग एक बारीक भोक पडतं. त्यातून आजूबाजूची माती कणाकणाने आत पडते आणि सांडपाण्याबरोबर वाहून जाते. वर डांबर शाबूत, आणि खाली खोली तयार. त्या छपरावरून कुठलं चाक शेवटचं जाईल, एवढाच प्रश्न उरतो.

जपानमधल्या सायतामा प्रांतात याशिओ या शहरात २८ जानेवारी २०२५ ला एका चौकात असाच खड्डा पडला आणि एक ट्रक चालकासह आत गेला. खाली सुमारे दहा मीटर खोलीवर मोठी मलवाहिनी होती. खड्डा वाढतच गेला, कडा ढासळत राहिल्या, बचाव पथकाला जवळ जाता येईना. आसपासच्या सुमारे १२ लाख लोकांना अंघोळ आणि कपडे धुणं कमी करा, सांडपाणी कमी सोडा, असं सांगावं लागलं. चालकाचा मृतदेह मे महिन्यात हाती लागला. शिस्तीसाठी जगभर नावाजलेल्या देशात हे घडलं, ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. तपासणी तिथेही होत होती. पण जमिनीखालच्या वाहिन्या एकाच दशकात, एकाच झपाट्यात टाकल्या, की त्या म्हाताऱ्याही एकदमच होतात.

काम पुढे ढकललं तर खर्च नेमका किती वाढतो?

डी सिटर या डच अभियंत्याने १९८४ मध्ये काँक्रीटच्या बांधकामांसाठी ‘पाचाचा नियम’ मांडला. देखभालीचा १ रुपया वाचवला तर दुरुस्तीला ५ लागतात, दुरुस्तीही टाळली तर पुनर्उभारणीला २५. हा ठोकताळा आहे, गणित नव्हे. पण दिशा बरोबर आहे.

रस्त्याचं वागणं त्याहून फसवं असतं. डांबरी रस्ता सरळ रेषेत खराब होत नाही. आयुष्याचा बराचसा काळ तो हळूहळू उतरतो, बरा दिसतो, आणि मग थोड्याच वर्षांत धाडकन ढासळतो. बरा दिसतो त्या काळात भेगा भरायला आणि पातळ थर द्यायला खर्च थोडा येतो. पण त्याच काळात तो रस्ता चांगला आहे, म्हणून पैसे दुसरीकडे वळवले जातात. ‘सर्वात वाईट रस्ता आधी’ हे तत्त्व ऐकायला न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात त्याने उरलेले चांगले रस्ते एकेक करून वाईटाच्या रांगेत येऊन उभे राहतात.

पैशापेक्षा मोठी गोष्ट हातातून जाते ती निवड. देखभाल वेळच्या वेळी केली तर काम कुठल्या महिन्यात, कुठल्या रात्री, एक मार्गिका चालू ठेवून, निविदेत दर घासून करायचं, हे सगळं शहर ठरवतं. टाळली तर तारीख पूल ठरवतो. न्यूयॉर्कचा विल्यम्सबर्ग पूल एप्रिल १९८८ मध्ये गंजाची अवस्था पाहून ताबडतोब बंद करावा लागला, जवळपास दोन महिने. त्याच शहरातला वेस्ट साइड हा उंचावरचा महामार्ग १५ डिसेंबर १९७३ रोजी एका ट्रकच्या वजनाने खचला. ट्रकमध्ये डांबर होतं, आणि ते त्याच महामार्गाच्या दुरुस्तीसाठी चाललं होतं. कथालेखकाने असं लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

तपासणी झाली होती, अहवालही होता. मग अपघात झाला कसा?

तपासणी म्हणजे निदान, उपचार नव्हे. पण निदानाच्याही तऱ्हा असतात. जपानच्या सासागो बोगद्याचं लटकतं छत २ डिसेंबर २०१२ रोजी कोसळून नऊ जण गेले. वरचे बोल्ट सैल झाले होते. छताच्या त्या भागात हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची साधी चाचणी बारा वर्षं झालीच नव्हती, नुसती नजरेने पाहणी होत होती. त्यानंतर जपानने पूल आणि बोगदे दर पाच वर्षांनी हाताच्या अंतरावरून तपासणं बंधनकारक केलं.

अमेरिकेत देशभर पुलांच्या तपासणीचा नियमच मुळी ओहायो नदीवरचा सिल्व्हर पूल १५ डिसेंबर १९६७ ला पडल्यानंतर आला. ४६ मृत्यू, आणि कारण एका पोलादी दुव्यातली बारीक भेग. ती भेग पूल न उकलता दिसणं तेव्हाच्या साधनांनी शक्य नव्हतं, हे न्यायाने सांगायला हवं. प्रत्येक अपघात हा दुर्लक्षाचा नसतो, काही मूळ रचनेतच दडलेले असतात. मिनियापोलिसचा महामार्गाचा पूल २००७ मध्ये पडला, १३ जण गेले, तेव्हा मुख्य कारण जोडपट्ट्या आराखड्यातच पातळ धरल्या होत्या, हे निघालं. पण वर्षानुवर्षं चढत गेलेले थर आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी पुलावर रचलेलं साहित्य, यांनी त्या चुकीवर वजन ठेवलं.

म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, एवढंच विचारून थांबू नये. मागच्या ऑडिटमध्ये सुचवलेल्या कामांपैकी किती झाली, हे विचारावं. फर्न हॉलोच्या कागदपत्रांत नेमका हाच रकाना रिकामा होता.

एवढं सगळं माहीत असूनही शहरं देखभाल का टाळतात?

कारण टाळण्याचं बक्षीस लगेच मिळतं आणि शिक्षा दुसऱ्याला होते. नव्या पुलाला भूमिपूजन असतं, फीत असते, कोनशिला असते. साफ केलेल्या गटाराला कोनशिला नसते. निधीची रचनाही तशीच. मोठ्या योजनांना वरून अनुदान आणि कर्ज मिळतं, कारण तो भांडवली खर्च. पुढची पन्नास वर्षं ती योजना चालवण्याचा खर्च महसुली, म्हणजे शहराच्या रोजच्या कमाईतून, पगार आणि वीजबिल भागल्यावर जे उरेल त्यातून. उरत काही नाही. त्यात भर म्हणजे फुकट मिळालेली मालमत्ताही जबाबदारी घेऊन येते, हे हिशेबात दिसत नाही. घसारा धरायची सवयच नसेल, तर दरवर्षी झिजणारा पूल कागदावर जसाच्या तसा उभा असतो. अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांना रस्ते-पुलांची किंमत आणि झीज ताळेबंदात दाखवायला लावणारा नियम १९९९ मध्ये आला. तोवर तिथेही झाकली मूठच होती.

आणखी एक कारण फारसं बोललं जात नाही. देखभाल यशस्वी झाली की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणारा अभियंता बैठकीत नेहमी हरतो.

कर्मचारी कमी केले तर काय बिघडतं? आता सगळं नकाशावर असतं ना?

नकाशावर वाहिनी सरळ असते. प्रत्यक्षात ती एका झाडाला वळसा घालून गेलेली असते, आणि ते पंचवीस वर्षं त्या भागात काम केलेल्या व्हॉल्व्हमनलाच ठाऊक असतं. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठलं चेंबर डांबराखाली गाडलं गेलं, कुठल्या पंपाचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार, हे ज्ञान कागदावर नसतं. तो निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की ते त्याच्याबरोबर घरी जातं. माझ्या मते देखभाल टाळण्याचा हा सगळ्यात महाग परिणाम, कारण गंजलेली वाहिनी पैसे देऊन बदलता येते. यंत्रणेची विसरलेली ओळख बाजारात मिळत नाही.

मग सगळं पाडून नवीन बांधलं तर?

जुन्या सवयींसह नवं बांधलं तर तीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. फक्त तेव्हा सांभाळायला दुप्पट असतं.

याची झळ सगळ्यांना सारखीच बसते का?

नाही. ज्याला जमतं तो घरी टाकी बांधतो, शुद्धीकरण यंत्र लावतो, जनित्र ठेवतो, शेवटी दुसरीकडे राहायला जातो. ज्याला जमत नाही तो रांगेत उभा राहतो. यातून एक दुष्टचक्र सुरू होतं: ऐपत असलेले लोक सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडले, की तिच्यासाठी भांडणारे आणि पैसे भरणारे दोन्ही घटतात. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनची लोकसंख्या १९८० मध्ये २ लाखांच्या आसपास होती, पुढे ती दीड लाखावर आली. वाहिन्यांची लांबी मात्र तेवढीच राहिली, पैसे भरणारे कमी झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये नदीला पूर आला, आधीच खिळखिळं झालेलं जलशुद्धीकरण केंद्र कोलमडलं आणि सुमारे दीड लाख लोकांच्या घरी सुरक्षित पाणी उरलं नाही. दोष पुराला देणं सोपं होतं.

हवामान बदलतंय, पाऊसच जास्त पडतो. त्याला देखभाल काय करणार?

पाऊस वाढला, हे खरं. पण गाळाने निम्मं भरलेलं गटार जुन्या पावसालाही पुरत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये ५ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या पावसाने रस्ते बुडाले तेव्हा पाणी उपसणारे सगळे पंप चालू होते, असं आधी सांगण्यात आलं. नंतर कळलं, बरेच पंप बंद होते आणि त्यांना वीज देणारी यंत्रंही. ढगाला नोटीस धाडता येत नाही, म्हणून त्याच्यावर खापर फोडणं सोयीचं असतं.

यातून सावरलेलं एखादं शहर आहे का?

आहेत. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे माझं आवडतं उदाहरण, कारण तिथे पैसे नव्हते. युद्धातून बाहेर पडलेल्या त्या शहरात १९९३ मध्ये वाहिनीत सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. गळती, चोरी, बेकायदा जोडण्या. एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांनी पाणीपुरवठा संस्थेची सूत्रं घेतली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, बड्या थकबाकीदारांचं पाणी तोडलं, गळती शोधणारी पथकं चोवीस तास ठेवली. २००८ च्या सुमारास ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. त्यांना २००६ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

टोकियोत १९५० च्या दशकाच्या मध्याला गळती सुमारे २० टक्के होती, अलीकडे ती ३-४ टक्क्यांच्या घरात आहे. तिथे रात्री, शहर शांत असताना, कर्मचारी कानाला ऐकण्याची कांडी लावून जमिनीखालचा सूसू आवाज शोधतात. उपकरणं आता आधुनिक आली, पण ऐकणारा कान अजून माणसाचाच आहे.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे हे अर्धं यश. १९७० च्या दशकातल्या आर्थिक संकटात देखभाल छाटली. १९८१ च्या सुमारास एखादा डबा सरासरी सुमारे ११ हजार किलोमीटर धावला की बिघडायचा. १९८२ पासून पाच-पाच वर्षांचे गुंतवणूक कार्यक्रम आखले, डबे ठरलेल्या वेळी कारखान्यात जाऊ लागले आणि २००० च्या दशकात तोच आकडा २ लाख किलोमीटरच्या पुढे गेला. मग सगळं सुरळीत आहे म्हणून हात पुन्हा आखडले. जून २०१७ मध्ये त्याच रेल्वेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली.

सामान्य नागरिकाने काय पाहावं?

दुर्बीण लागत नाही. पुलाखालून जाताना वर पाहा: सांध्याखाली तपकिरी ओघळ आहेत का, काँक्रीटच्या बुडाशी उघडी सळई दिसते का, पावसानंतर दोन दिवसांनीही एकाच जागी ठिबकतंय का. पुलाच्या कठड्यावर किंवा सांध्यात पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं तर तिथे माती आणि ओल दोन्ही आहेत, हे उघड आहे. रस्त्यात मॅनहोलभोवती खोलगट बशी तयार होत असेल, तर खाली माती सरकते आहे. कोरड्या दिवसांतही गटारात स्वच्छ पाणी वाहत असेल, तर जवळ जलवाहिनी फुटलेली असण्याची शक्यता मोठी.

तक्रार करताना ‘रस्ता खराब आहे’ असं लिहू नका. जागा, तारीख, फोटो आणि ‘मागच्या महिन्यात हीच बशी दोन बोटं उथळ होती’ असं लिहा. मोजमाप असलेली तक्रार फाइलमध्ये पडून राहिली तरी पुढे कुणालातरी ती उत्तर द्यायला भाग पाडते. आणि अंदाजपत्रक जाहीर होतं तेव्हा नव्या योजनांची यादी वाचून झाल्यावर एक आकडा शोधा: शहराकडे आहे ते सांभाळायला यंदा किती ठेवले, आणि मागच्या वर्षी ठेवले त्यातले खरोखर किती खर्च झाले. दुसरा आकडा सहसा वेगळ्या पानावर असतो.